रूथचे डोळस प्रेम

शाबूओथचा सण आला की सिनेगॉगमध्ये रूथचे पुस्तक वाचले जाते. चार अध्याय आणि ८५ वचने एवढेच ते पुस्तक. घरी बसून वाचले तर अर्ध्या तासात संपते. मोशावांवर त्या दिवशी मुले पांढरे कपडे घालून, डोक्यावर फुलांचे मुकुट घालून मिरवतात. आपल्या मंडळींच्या मेळाव्यात कोणीतरी रूथवर चार शब्द बोलतो, कधी मुलांकडून छोटेसे नाटक बसवून घेतले जाते. मुंबईस व कोकणात आपले कीर्तनकार पवित्र शास्त्रातील आख्याने मराठी पदांतून रंगवून सांगत. त्या परंपरेत वाढलेल्या आम्हांला अशा कथा ऐकण्याची गोडी अजून आहे. तेव्हा ही भाषणे व नाटुकली आम्ही आवडीने ऐकतो, पाहतो. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट आम्हांला सतत खटकत आली आहे व तीच आज वाचकांपुढे मांडावयाची आहे.

सांगणारा कोणीही असो, कथेचा साचा ठरलेला असतो. नामीला दोन सुना. एकीने विचार केला, म्हणून ती माहेरी परतली. दुसरीने विचार केला नाही, प्रेम केले, म्हणून ती सासूबरोबर आली. पहिली वाईट, दुसरी चांगली. तात्पर्य काय, तर जेथे प्रेम आहे तेथे माणूस विचार करीत बसत नाही. ऐकणाऱ्या सासवा माना डोलावतात, सुना खाली पाहतात आणि कार्यक्रम संपतो.

आमच्या मते मूळ पुस्तकात असे काही नाही. प्रेम आंधळे असते अशी आपल्याकडे म्हणच आहे; पण रूथचे प्रेम चांगले डोळस आहे. ते विचाराच्या आड येत नाही, तर विचार कोठून सुरू करावा हे दाखवून देते. हे आम्ही पुस्तकातीलच प्रसंग घेऊन दाखवू.

बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून अलीमलेख बायकोमुलांसह मवाब देशी गेला. तेथे तो वारला. दोन्ही मुलांनी मवाबी मुलींशी लग्ने केली आणि सुमारे दहा वर्षांत तेही वारले. मागे तीन विधवा राहिल्या. गावाकडे पुन्हा पीकपाणी बरे झाल्याचे ऐकून नामी परत निघाली व सुनाही तिच्याबरोबर निघाल्या. वाटेत तिने त्यांना थांबवून सांगितले की आपापल्या आईच्या घरी जा. तिचे म्हणणे अगदी मुद्देसूद आहे. मला आता तुमच्याशी लग्न लावायला आणखी मुलगे नाहीत; मी म्हातारी झाले; समजा आज रात्री माझे लग्न झाले आणि मुलगे झाले, तरी ते मोठे होईपर्यंत तुम्ही थांबणार का? ह्या युक्तिवादात एकही कच्चा दुवा नाही. शिवाय तो मायेपोटी केलेला आहे. आपल्याला सोबत मिळाली तर बरे असे कोणत्या म्हाताऱ्या बाईला वाटणार नाही? तरीही सुनांचे घर पुन्हा वसावे म्हणून ती त्यांना परत पाठवते. तेव्हा नामी म्हणजे कोरडा हिशेब आणि रूथ म्हणजे भावना अशी वाटणी पहिल्याच प्रसंगात टिकत नाही.

अर्पा रडली, सासूचा मुका घेतला आणि परतली. पुस्तकाने तिला एका शब्दानेही दोष दिलेला नाही. नामीने दिलेल्या आशीर्वादात तीही आहे. पुढे मिद्राशकारांनी मात्र तिला सोडले नाही. तिच्या नावाचा संबंध पाठ फिरवण्याशी लावला आणि गल्याथ राक्षसाला तिचा वंशज ठरवले. त्या थोर लोकांविषयी पूर्ण आदर राखूनही आम्ही येथे मूळ पुस्तकाच्या बाजूने उभे राहतो. आपल्यापैकी ज्यांनी देश सोडला त्यांना आम्ही काय सांगावे? कोणी आईवडिलांना पनवेलला वा अलिबागेला ठेवून इकडे आले. कोणी आईवडिलांसाठी तिकडेच राहिले आणि भावंडांना बंदरावर निरोप देऊन माघारी गेले. त्यांतल्या कोणालाही निर्दय म्हणण्याचा अधिकार कोणास आहे?

आता रूथचे उत्तर पाहावे. ती नामीचा एकही मुद्दा खोडीत नाही. मला नवरा मिळेल, आपले दिवस पालटतील, असे खोटे आश्वासन ती देत नाही. नामीने हिशेब मांडला होता की रूथला काय मिळेल. रूथ वेगळाच हिशेब मांडते: नामीजवळ कोण असेल? आणि मग ती वाट, मुक्काम, लोक, देव आणि शेवटी दफनाची जागा असे एकेक कलम घेऊन आपले म्हणणे सांगते. भावनेच्या भरात बोलणारे माणूस असे कलमवार बोलत नाही. ज्याने बिऱ्हाड उचलून परक्या देशी पाऊल टाकले आहे त्याला ही यादी चटकन ओळखता येईल. कोठे जायचे, राहायचे कोठे, कोणात मिसळायचे, देव कोणता आणि माती कोठे पडणार, ह्याच पाच प्रश्नांनी आपल्याही रात्री जागवल्या आहेत. रूथने विचार केला होता. फक्त तिच्या विचाराचा आरंभ नामीपासून होत होता, स्वतःपासून नव्हे.

ह्या बाबतीत आजच्या वैद्यकशास्त्राचीही थोडी साक्ष काढता येते. आंतोनिओ दामासिओ हे मूळचे पोर्तुगालचे व अमेरिकेत काम करणारे मेंदूचे डॉक्टर. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या काही रोग्यांविषयी त्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात लिहिले आहे. ह्या रोग्यांची बुद्धी, स्मरणशक्ती, भाषा शाबूत होती; फक्त भावना बोथट झाल्या होत्या. अशा एका रोग्याला पुढच्या भेटीसाठी दोन तारखांतून एक निवडण्यास सांगितले, तेव्हा तो जवळजवळ अर्धा तास दोन्ही तारखांच्या बाजूची व विरुद्धची कारणे सांगत बसला. शेवटी डॉक्टरांनीच एक तारीख सुचवली, तेव्हा बरे म्हणून तो निघून गेला. दामासिओंच्या उपपत्तीतील तपशिलांवर इतर शास्त्रज्ञांनी शंका घेतल्या आहेत. परंतु एवढे तर दिसतेच की कशाचे महत्त्व अधिक हे मनाला जाणवल्याखेरीज नुसती कारणे माणसाला कोठेच पोहोचवीत नाहीत.

मग हे प्रेम म्हणजे तरी काय? येथे पुस्तकाच्या शब्दयोजनेकडे लक्ष द्यावे लागते. प्रेम करणे ह्या अर्थाचे हिब्रू क्रियापद संपूर्ण पुस्तकात फक्त एकदाच येते, तेही चौथ्या अध्यायात, शेवटाजवळ. ते रूथच्या तोंडी नाही आणि बवाजच्याही नाही. ते गावातल्या बायका नामीला उद्देशून वापरतात: हिच्या सुनेचे हिच्यावर प्रेम आहे, आणि अशी सून सात मुलग्यांहून बरी. म्हणजे ज्या पुस्तकाला आपण प्रेमकथा म्हणतो त्यात प्रेम हा शब्द शेजारणींनी उच्चारलेला आहे, आणि तोही सर्व काही घडून गेल्यावर. रूथ स्वतः तो कधीच बोलून दाखवीत नाही.

त्याऐवजी पुस्तकात तीन वेळा येतो तो शब्द हेसेद. मराठीत आपण दया, कृपा, ममता असे म्हणतो, पण त्यांतला एकही पुरा पडत नाही. दया वरून खाली केली जाते. हेसेद बरोबरीच्या माणसालाही दाखवता येते. आमच्या मते आपल्या घरातला माया हा शब्दच त्याला सर्वांत जवळचा आहे, कारण माया नुसती असत नाही, ती लावावी लागते. दुसरा शब्द आहे वाटेवरच्या प्रसंगातला: रूथ सासूला चिकटून राहिली. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात नवराबायकोच्या नात्यासाठी वापरलेले क्रियापदच येथे सुनेसाठी वापरले आहे. आपली नातवंडे शाळेच्या दप्तरात जो देवेक, म्हणजे डिंक, नेतात तो ह्याच धातूचा. पुस्तकाला प्रेमाचे वर्णन करायचे नाही, त्याचे काम दाखवायचे आहे.

आणि ते काम फार साधे आहे. सातूच्या कापणीचे दिवस. गरीब, परके, विधवा ह्यांच्यासाठी शेतात सरवा सोडावा असा तोराचा नियम. रूथ सरवा वेचायला जाते. दुपारी बवाज तिला हुरड्यासारखे भाजलेले दाणे देतो. ती पोटभर खाते आणि उरलेले घरी नेऊन नामीला देते. आम्हांला विचाराल तर साऱ्या पुस्तकातील सर्वांत मोठी गोष्ट ही उरलेल्या दाण्यांची आहे. वाटेवरचे शब्द कोणीही बोलू शकते. दिवसभर उन्हात वाकून काम केल्यावर, परक्या लोकांत बसून जेवताना, घरी बसलेल्या म्हातारीची आठवण ठेवणे ही खरी परीक्षा. शिवाय ही तीच म्हातारी, जी बेथलेहेमात पोहोचताच गावच्या बायकांना म्हणाली होती की मी भरलेली गेले आणि रिकामी परत आले. रूथ तिच्या बाजूलाच उभी होती! ते ऐकून तिला काय वाटले हे लेखकाने सांगितलेले नाही. तिने दुसरे काम काढले, एवढेच सांगितले आहे.

आता वेशीतला प्रसंग. बवाज गावच्या दहा वडीलधाऱ्यांना बसवून नामीच्या अधिक जवळच्या नातलगाला विचारतो, तू जमीन सोडवून घेतोस का? तो लगेच हो म्हणतो. जमिनीबरोबर मृताचे नाव चालवण्यासाठी रूथचाही स्वीकार करावा लागेल असे कळताच तो मागे सरतो. आपल्या स्वतःच्या वतनाचे नुकसान होईल असे त्याला वाटते. तो पायातले पायतण काढून देतो आणि कथेतून निघून जातो. त्याच्या हिशेबात चूक काढता येत नाही. पण लेखकाने त्याला नावच ठेवलेले नाही. अमुक तमुक अशा अर्थाने त्याला हाक मारली आहे. आपले वतन सांभाळणाऱ्याचे नाव राहिले नाही आणि दुसऱ्याचे नाव राखू पाहणाऱ्याचे राहिले.

ह्या माणसाने भावना बाजूला ठेवून विचार केला असे म्हणणे आम्हांला बरोबर वाटत नाही. त्यालाही भावना होतीच. ती भीतीची होती. नुकसानीची भीती इतकी सवयीची असते की ती आपल्याला भावना वाटतच नाही, शहाणपण वाटते. प्रेमाने घेतलेल्या निर्णयाला आपण भावनेच्या आहारी जाणे म्हणतो आणि भीतीने घेतलेल्या निर्णयाला व्यवहार म्हणतो. रूथच्या पुस्तकाने ही गफलत उघडी केली आहे.

पुढे शास्त्रार्थातही हेच दिसते. मवाबी माणसाने परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये असा तोरात स्पष्ट नियम आहे, आणि त्याचे कारणही दिले आहे: आपले पूर्वज मिसर देशातून येत असता मवाबी लोक अन्नपाणी घेऊन सामोरे आले नाहीत. दावीद राजा तर मवाबी रूथचा पणतू. त्याच्या कुळावर आक्षेप निघाला तेव्हाचा वाद तलमूदाच्या यबामोथ ह्या भागात आला आहे. तेथे उत्तर दिले गेले की नियम मवाबी पुरुषांसाठी आहे, स्त्रियांसाठी नाही. कारण अन्नपाणी घेऊन परक्यांना सामोरे जाणे ही स्त्रियांची रीत नव्हती. कोणी म्हणेल, ही तर शब्दांची ओढाताण. आम्हांला तसे वाटत नाही. ज्यांनी हा अर्थ लावला त्यांनी नियम मोडला नाही. नियम कशासाठी केला हे विचारले. जेथे दोष माया न दाखवल्याचा होता, तेथे माया दाखवणाऱ्या बाईला तो लावता येईल काय? हा प्रश्न सुचण्यासाठी समोरच्या माणसाकडे आधी माणूस म्हणून पाहावे लागते.

बेने इस्रायल वाचकाला हे वाचताना आपला इतिहास आठवल्यावाचून राहणार नाही. १९६१ साली मुख्य रब्बीनेटने आपल्या लोकांशी विवाहास हरकत नसल्याचे ठरवले. पण १९६२ च्या सूचनांनुसार विवाहनोंदणीच्या वेळी आई, आजी आणि जितके मागे जाता येईल तितके मागे जाऊन चौकशी करण्यास सांगण्यात आले. पुढे आपल्या लोकांनी येरुशलायिममध्ये धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटच्या खास बैठकीत सरकारने जाहीर केले की बेने इस्रायल सर्व बाबतीत यहुदीच आहेत, आणि त्याच महिन्याअखेर सूचनांतून आपल्या समाजाचे नाव काढले गेले. ह्या जखमा उकरण्याचा आमचा हेतू नाही. चौकशीच्या बाजूने बोलणारेही शास्त्र जाणणारे होते आणि त्यांच्या तर्कात विद्वत्ता होती. परंतु तो तर्क संशयापासून सुरू झाला होता. शास्त्र तेच, पद्धतही तीच. आरंभी कोणती भावना आहे ह्यावर मुक्काम कोठे होणार हे पुष्कळसे ठरते. रूथच्या वेळी आरंभ निराळा झाला, म्हणून दावीद झाला.

येथे एक आक्षेप येईल व तो योग्यच आहे. प्रेम नेहमी चांगलेच दाखवते काय? नाही. दावीदाच्याच घरात अम्नोनाची कथा आहे. तामारविषयी त्याला जे वाटत होते त्यासाठीही शास्त्राने प्रेमाचाच शब्द वापरला आहे. आणि त्या प्रेमाने बळजबरी केली व त्याच घडीला द्वेषाचे रूप घेतले. तामार त्याला कळवळून समजावीत होती, त्याने ऐकले नाही. याकोबाचे योसेफावरचे प्रेम खोटे नव्हते, पण बाकीच्या मुलांच्या मनात काय चालले आहे हे त्याला दिसले नाही. तेव्हा कसोटी अशी लावावी: ह्या भावनेने आपल्याला अधिक दिसू लागले की कमी? अम्नोनाला समोरची तामारही दिसेना. रूथला शेतात बसून घरातली नामी दिसत होती. बवाजला सरवा वेचणाऱ्या परक्या बाईत, सासूसाठी आपला देश सोडून आलेली सून दिसली. जी भावना ऐकण्याची व पाहण्याची शक्ती वाढवते तिला विचाराच्या बैठकीत बसवावे. जी ती शक्ती हिरावून घेते तिला बाहेर थांबवावे, मग तिचे नाव प्रेम असो की व्यवहार.

पुस्तकात उणे काहीच नाही असे आम्ही म्हणत नाही. चौथ्या अध्यायात रूथ एक शब्दही बोलत नाही. वेशीत तिच्याविषयी पुरुष ठरवतात. मूल झाल्यावर शेजारणी म्हणतात की नामीला मुलगा झाला. जिने वाटेवर इतके स्पष्ट बोलून दाखवले तिला शेवटी कोणी विचारल्याचे दिसत नाही. डोळस प्रेम करणाऱ्या माणसाकडेच कोणाचे लक्ष नसते, हे आपल्या घरांतूनही घडते.

आणि म्हणूनच हा विषय आम्हांला नुसता सणापुरता वाटत नाही. बहुतेक घरांत कधी ना कधी ती बैठक होते. आई आता एकटी राहू शकत नाही, भावंडे जमतात, कोणी वही घेऊन खर्च मांडतो, कोणी डोळे पुसतो. वहीवाला म्हणतो, रडून काय होणार? रडणारी म्हणते, तुला काळीज नाही. दोघेही अर्धे बरोबर आहेत. वही हवीच, नामीच्या पोटाला दाणे लागतातच. पण पहिला आकडा लिहिण्यापूर्वी विचारावे की ही वही कशाच्या भीतीने उघडली आहे आणि कोणाच्या मायेने. मग आईला बेत आवोतमध्ये ठेवायचे ठरले तरी तो निर्णय निर्दय असेलच असे नाही, आणि घरी ठेवायचे ठरले तरी तो प्रेमाचा असेलच असे नाही. आणि त्या बैठकीत आईलाही विचारावे.

पुष्कळ घरांत आज आणखी एक बाई असते. भारत, नेपाळ, श्रीलंका, फिलिपिन्स अशा देशांतून आलेली, आपले घरदार मागे ठेवून, पगारावर आपल्या म्हाताऱ्यांची सेवा करणारी. तिची व रूथची तुलना पुरती जुळत नाही हे आम्ही जाणतो. तरी आईला भरवून झाल्यावर ती स्वयंपाकघरात एकटीच बसून जेवत असेल, तर बवाजाने परक्या बाईला कापणीवाल्यांच्या पंगतीत बोलावून बसवले होते, एवढे आपण आठवावे.

येत्या शाबूओथला रूथवर बोलणाऱ्या बंधुभगिनींना आमची एवढीच विनंती आहे. अर्पाला शिव्या देऊ नका. ती रडत गेली होती. रूथला विचार न करणारी म्हणू नका. आणि नाटक बसवाल तेव्हा वाटेवरचे भाषण थोडे आखडते घ्या, पण मुलीने पदराखालून काढून सासूच्या हातावर ठेवलेले ते मूठभर भाजलेले दाणे मात्र दाखवल्याशिवाय राहू नका.